वानोळ्याचा गूळ

माझ्या थोरल्या साडूंइतका अन्नाला भिणारा आणि तरीही अन्नावर इतका जीव टाकणारा माणूस बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत मिळून दुसरा सापडायचा नाही. आम्ही दोघं एकाच घरचे जावई. ते थोरलीचे, मी धाकटीचा. लग्नानंतर पहिल्या दिवाळसणाला मी त्यांच्या शेजारच्या पाटावर बसलो, तेव्हा त्यांनी एकवीस पुरणपोळ्या खाऊन वर भात मागितला होता आणि सासूबाई कौतुकानं माझ्याकडे बघत म्हणाल्या होत्या, "तुमी बी शिका जरा." तो माणूस आज खिशात भिजवलेल्या बदामांची पुडी घेऊन हिंडतो, भाकरी तव्यावरून उतरली की तिचं वजन करतो, आणि लग्नाच्या पत्रिकेवर मुहूर्ताच्या आधी जेवणाची वेळ बघून उसासा टाकतो. त्यांच्या या पथ्याला आता चार वर्षं झाली. अर्थात सलग चार वर्षं असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. साडूंचं पथ्य दर सोमवारी सुरू व्हायचं, आणि चार वर्षांत सोमवार पुष्कळ येतात.

साडू पणदऱ्याला राहतात आणि एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर क्लार्क आहेत. उसाची गाडी आली की भरलेलं वजन घ्यायचं, खाली होऊन परत निघाली की मोकळं वजन घ्यायचं आणि फरक पावतीवर लिहायचा, हे काम त्यांनी इतकी वर्षं केलंय की त्यांना जगात दुसरा हिशेब कळत नाही. पाहुणे घरात येताना आणि जेवून निघताना ते नुसत्या नजरेनं दोन्ही वजनं घेतात. सुट्टीच्या वेळी मोकळ्या काट्यावर स्वतः उभं राहायची त्यांना सवय. आता तो काटा ट्रका तोलणारा, दहा-दहा किलोच्या टप्प्यानंच आकडा दाखवणारा. कित्येक महिने तो साडूंना ऐंशी किलो दाखवत होता. एका रविवारी ते भाच्याच्या लग्नात जेवले, सोमवारी काट्यावर उभे राहिले आणि समोर नव्वदचा आकडा आला. साडू तसेच माझ्या दुकानात आले. बारामतीत माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे, आणि साडूंवर काहीही संकट आलं की ते त्या दुकानातल्या स्टुलावर येऊन बसतं.

"पाव्हणं, एका पंगतीत धा किलो! काय खाल्लं असंल मी?"

मी त्यांना कागद-पेन्सिल घेऊन समजावलं, की तुम्ही आधीच चौऱ्याऐंशीच्या आसपास असणार, पंगतीनं फार तर किलोभर भर घातली असेल. साडूंनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "काटा खोटं बोलत न्हाय," ते म्हणाले.

हसण्यावारी न्यायची गोष्ट इथं संपते, कारण त्याच आठवड्यात त्यांनी रक्त तपासलं आणि साखर निघाली. त्यांच्या वडिलांनाही साखर होती. शेवटी त्यांचा उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला होता आणि साडूंनी वर्षभर त्यांना पाठीवर घेऊन मलमपट्टीसाठी बारामतीला आणलं होतं. ते पाठीवरचं ओझं त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. पण रिपोर्ट आला त्या दिवशी ते स्टुलावर बसून आपल्या चपलांकडे बघत म्हणाले, "मला साठी माज्या दोन पायांवर गाठायची हाय. बास. दुसरं काय मागनं न्हाय."

तेव्हापासून साडूंचा एकच नियम आहे. शेतात जे जसं दिसतं, ते ताटात तसंच ओळखू आलं पाहिजे. मटकी मटकीसारखी दिसली पाहिजे, गाजर गाजरासारखं. जे पुडक्यातून येतं, ज्याला गिरणीत पांढरं केलंय, ज्याला कढईत वेषांतर करायला लावलंय, ते सगळं वर्ज्य. पेरू कापून दिला तर त्यांना संशय येतो. एकदा माझ्या बायकोनं हौसेनं थालीपीठ केलं, तर त्यांनी ते उजेडाकडे धरून त्यात कोण कोण आहे याची चौकशी केली. ज्वारी, बाजरी, हरभरा, उडीद असे पाच-सहा जण हजर असल्याचं कळल्यावर ते म्हणाले, "समदी घरचीच हायती, पर एका जागी कोंडल्यात," आणि तीन थालीपिठं खाल्ली.

गंमत अशी, की हे व्रत घेतलं त्या माणसाच्या घराच्या अंगणापर्यंत उसाचा फड आलेला. नोकरी साखरेच्या कारखान्यात. गळीत हंगामात त्या सगळ्या भागाला गोडसर वास असतो, तर साडू नाकाला रुमाल बांधून ड्यूटीला जायचे. वासानं साखर वाढते का, हे त्यांनी डॉक्टरांना विचारलं होतं. डॉक्टर हसले म्हणून त्यांनी रुमाल सोडला, पण पुरता विश्वास अजून बसलेला नाही. दिवाळीला कारखान्याकडून सभासदांची साखर घरी येते. ते पोतं त्यांनी माजघरात घोंगडीखाली झाकून ठेवलं, आणि जाता-येता त्याच्याकडे पाठ करून चालायला लागले. मेहुणीबाई, म्हणजे साडूंची बायको, म्हणायच्या, "पोत्याला एवढं भ्यायला ते काय वाघरू हाय का?"

पण खरी अडचण घरात नव्हती, घराबाहेर होती. आमच्या भागात पाहुण्याला नाही म्हणता येत नाही. त्याला फक्त एका पदार्थावरून दुसऱ्या पदार्थावर जाता येतं. साडूंनी एका घरी चहा नको म्हटलं, तर त्यांना ग्लासभर दूध आलं आणि त्यात तीन चमचे साखर. पुढच्या घरी त्यांनी शहाणपणानं सांगितलं, की मला आज उपवास आहे. त्या माऊलीनं तिथल्या तिथं साबुदाण्याची खिचडी टाकली, बटाट्याचा कीस तळला, आणि वर केळ्याचं शिकरण दिलं. संध्याकाळी साडू मला म्हणाले, "उपास लई भारी पडला राव. यापरीस जेवलो असतो."

शेवटी त्यांनी डबा बरोबर न्यायला सुरुवात केली. बारामतीतल्या एका मंगल कार्यालयात, भर पंगतीत, समोर मांडलेलं ताट बाजूला सारून त्यांनी डबा उघडला आणि मोड आलेली मटकी चावायला लागले. क्षणात बातमी मुलीच्या बापापर्यंत गेली की पणदऱ्याचे पाव्हणे रुसलेत. आमच्याकडे मानपानात काही कमी पडलं तरच माणूस ताट सारतो, दुसरं कारण असूच शकत नाही. मुलीचा बाप, दोन चुलते आणि गावचे सरपंच असे चौघं धावत आले. साडू मटकी दाखवून 'तब्येतीसाठी, तब्येतीसाठी' म्हणत होते, पण तोंड भरलेलं असल्यानं कुणाला नीट ऐकू गेलं नाही. त्यांना हाताला धरून उठवलं, फेटा बांधला, नारळ दिला, पुढच्या रांगेत बसवलं आणि चौघांनी एकेक जिलबीचा घास स्वतःच्या हातानं भरवला. फोटो निघाले. त्या फोटोत साडूंच्या डोळ्यांत पाणी आहे आणि मुलीकडच्या मंडळींत अजून त्याचा अर्थ असा सांगतात, की पाव्हणं मनानं लई हळवं.

अर्थात दरवेळी दुसऱ्यांचाच दोष असायचा असं नाही. एकदा एसटी स्टँडच्या मागच्या बाजूला गाड्यापाशी मी त्यांना पाठमोरं ओळखलं. हातात वडापाव होता. मला बघून ते दचकले, पण हातातला घास खाली ठेवला नाही. "पाव टाकून देणार हाय," ते म्हणाले. "वडा म्हंजी शेवटी बटाटाच की." मी तिथंच थांबलो. साडूंनी वडा खाल्ला. मग हातातल्या पावाकडे बघत ते बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "अन्न टाकू ने," आणि पावही खाल्ला. मग दोघांनीही सोमवारपासून नीट राहायचं ठरवलं. माझ्यावर काही पथ्य नव्हतं, पण त्यांना सोबत म्हणून मीही ठरवलं.

अशा परिस्थितीत धोंड्याचा महिना आला. अधिक महिना तीन वर्षांनी येतो आणि त्या महिन्यात जावयाला सासरी बोलावून धोंडे खाऊ घालतात. धोंडा म्हणजे गव्हाच्या कणकेत पुरण भरून चाळणीत वाफवलेला, मोठ्या लिंबाएवढा गोळा. वर तुपाची धार. आमच्या सासूबाईंचं गाव इंदापूर तालुक्यात, कालव्याच्या कडेला आहे. आम्ही दोघंही त्यांना मामी म्हणतो. मामींच्या धोंड्यांचा गावात लौकिक होता. सत्तरी ओलांडली तरी जावयाचे धोंडे सासूनंच करायचे म्हणून त्या सुनेलाही पुरणाला हात लावू देत नसत. माप कधी घेतलं नाही, सगळं अंदाजानं. आणि देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय चव घेऊन बघणंही नाही. 'माजा हात चुकत न्हाय,' हे त्यांचं एकमेव भूषण होतं, आणि ते खरं होतं.

मामींचा फोन आला तसे साडू स्टुलावर येऊन बसले. त्यांनी पूर्ण विचार केला होता. एकच धोंडा घ्यायचा, दुसऱ्याला हात जोडायचे. त्याचा सराव हवा होता, म्हणून मी दुकानातला टॉवेल डोक्यावरून पदरासारखा घेऊन मामी झालो. समोर खारीची बशी धोंडे म्हणून ठेवली.

"घ्या की जावईबापू, अजून एक," मी म्हणालो.

"मामी, एकच घेतो, पर आनंदानं घेतो," साडू म्हणाले. वाक्य चांगलं बसलं होतं.

"बरं, माज्या हातचं आता गोड लागत न्हाय म्हनायचं," मी मामींच्याच सुरात म्हणालो.

साडू विरघळले. तिसऱ्या आग्रहाला बशी रिकामी झाली होती. जाताना ते म्हणाले, "तुमी लई हुबेहूब केलं. तिकडं एवढं अवघड न्हाय जायचं."

ठरल्या दिवशी आम्ही चौघं माझ्या गाडीतून निघालो. मेहुणा आणि त्याची बायको घरी नव्हते, कारण तोही कुणाचा तरी जावई, तो त्याच्या सासरी धोंडे खायला गेला होता. मामी एकट्याच होत्या आणि आम्ही पोचायच्या आधीच सगळा स्वयंपाक उरकून, नैवेद्य दाखवून, नैवेद्याचा धोंडा गाईला घालून मोकळ्या झाल्या होत्या. आम्ही पडवीत टेकलो तसं त्यांनी गूळ-पाणी आणलं. गूळ म्हणजे नेहमीसारखा वाटीत दोन खडे नव्हता, चिरलेल्या गुळाची परातच त्यांनी समोर ठेवली. साडूंनी नुसतं पाणी घेतलं. थोड्या वेळानं मामी परत बाहेर आल्या, म्हणाल्या, "अगं बया, पाव्हण्यांना गूळ-पाणी बी इचारलं न्हाय मी," आणि परत तांब्या भरून आणला. आम्ही परत प्यायलो. साडू मात्र त्या परातीकडे बघत राहिले. मला वाटलं, मोह होतोय.

पाट मांडले, ओवाळणं झालं, वाण झालं, पानं वाढली. मी पहिला धोंडा तुपात बुडवून तोंडात घातला आणि थांबलो. आत नुसती शिजवलेली हरभऱ्याची डाळ. वेलदोडा होता, जायफळ होतं, गुळाचा कण नव्हता. मला वाटलं, मामींनी थोरल्या जावयाच्या साखरेचं मनावर घेतलं, आणि मी 'वा मामी' म्हणून तोंड उघडणार, तेवढ्यात साडूंनी माझ्या गुडघ्याला असा चिमटा काढला की मी तोंड मिटून घेतलं. मामी आमटी आणायला आत वळल्या होत्या. साडू माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "इसरल्यात. पुरणाचा गूळ त्या परातीत हाय. गप खावा."

भरलेलं आणि मोकळं वजन बघणारी ती नजर. डाळीत जायचा गूळ पडवीत आलेला त्यांनी तेव्हाच टिपला होता. मामी आमटी घेऊन आल्या, पदरानं कपाळ पुसत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बरं झाल्यात का? हात आता पैल्यावानी चालत न्हाय."

"मामी," साडू म्हणाले, "असले धोंडे आजवर झाले न्हाईत. वाढा अजून दोन."

आमच्यानंतर बायकांची पंगत बसणार होती. एक धोंडा जरी चाळणीत उरला, तरी मामी तो तोंडात घालणार आणि त्यांना कळणार. प्रश्न गुळाचा नव्हता, तो त्यांना कळण्याचा होता. सगळे मिळून एकवीस धोंडे होते. मी दुसरा धोंडा उचलला. गोडाशिवाय पुरण कसं घशाला चिकटतं हे ज्यानं खाल्लं त्यालाच कळेल. मी सातावर हात टेकले. साडू घाम पुसत, तूप मागत, 'काय हात हाय मामीचा' म्हणत चौदा धोंडे खाऊन गेले. दोन वर्षांत त्यांच्या नियमात चपखल बसणारी ही पहिलीच पंगत, डाळ आणि गहू, दुसरं काही नाही, आणि तीच त्यांना गिळवत नव्हती.

मेहुणीबाई दाराशी उभ्या राहून हे बघत होत्या. शेवटचा धोंडा उचलला गेला तसं त्यांना राहवलं नाही. "अवो, दोन वर्सं झाली माज्या हातची पुरणपोळी शिवला न्हाय तुमी. खीर केली तर गोठ्यात नेऊन घातली. आन् हितं चौदा? आमाला चवीला बी ठेवला न्हाय एक?"

साडू म्हणाले, "मामीच्या हाताची गोष्टच येगळी." मेहुणीबाईंचे डोळे भरून आले. हे वाक्य बायकोच्या काळजाला किती लागेल हे न कळण्याइतके साडू भोळे नव्हते. पण मामी त्या वेळी लहान मुलीसारख्या हसत होत्या. "असू दे गं. आपून भात-आमटी खाऊ. जावयांनी चाळण चाटून-पुसून खाल्ली, मला अजून काय पायजे?"

निघताना साडूंनी कहर केला. पडवीतली परात उचलून म्हणाले, "मामी, ह्यो गूळ मी घरला वानोळा म्हणून नेतो." घरात गुळाचा खडा येऊ न देणारा माणूस! मेहुणीबाईंनी तोंड फिरवलं. मामींनी मात्र हौसेनं सगळा गूळ फडक्यात बांधून दिला. दोघी बहिणी दोन दिवस माहेरी राहणार होत्या, आम्ही दोघंच परतलो.

साडू मांडीवर गाठोडं घेऊन बसले होते. कालव्याचा पूल आला तसं म्हणाले, "पाव्हणं, गाडी घ्या जरा बाजूला." मला वाटलं, चौदा धोंडे आता बोलणार. साडू खाली उतरले, पुलाच्या कठड्यावर बसले आणि फडक्याची गाठ सोडली. चांगला मोठा खडा निवडून त्यांनी तळहातावर ठेवला. तोललाही नाही.

"साडू, साखर," मी म्हणालो.

"ठावं हाय," ते म्हणाले. "मामीचा धोंड्यात गूळ टाकायचा ऱ्हायला हुता. तेवढा टाकून घेतो." आणि तो खडा तोंडात घालून ते पाण्याकडे बघत बसले. थोड्या वेळानं त्यांनी एक खडा माझ्याकडे केला. सात धोंडे माझेही होते. मी खाल्ला. दोघंही रडत होतो, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता, पण साडूंनी सोमवारची वाट न बघता त्याच दिवशी पथ्य सुरू केलं, आणि खरं सांगायचं तर तेव्हापासून ते बरंच टिकलंय. साखर आटोक्यात आहे. साठीला दीड वर्ष उरलंय आणि दोन्ही पाय जागेवर आहेत. घरात काही गोडाधोडाचं झालं आणि साडूंनी हात जोडले, की मेहुणीबाई अजून म्हणतात, "आमच्या हातात कुठला आलाय तसला गूळ!" साडू खाली मान घालून मटकी चावतात. त्यांनी बायकोलाही सांगितलं नाही, का तर तिला कळलं की आईला कळायला वेळ लागायचा नाही. आता मामींना ते कळलं काय न् न कळलं काय सारखंच आहे, म्हणून मी लिहून टाकलं. मेहुणीबाईंनी हे वाचावं आणि त्या चौदा धोंड्यांचा राग सोडावा.

दर गुरुवारी साडू मामींना भेटायला जातात. मागच्या वेळी मी बरोबर होतो. मामी पडवीत बसल्या होत्या. त्यांनी डोळ्यांवर हात धरून बघितलं आणि विचारलं, "कुठलं म्हनायचं पाव्हणं?"

"पणदऱ्याचा, मामी."

"व्हय? पणदऱ्यात माजा थोरला जावई असतो. काट्यावर हाय. लई गोडखाऊ. माज्या हातचे चौदा धोंडे खाल्ले त्येनं एका बैठकीला. वळखता का?"

"वळखतो की," साडू म्हणाले. "जरा खादाड हाय, पर मनानं बरा हाय."

मामी खूश होऊन हसल्या आणि त्यांनी आतल्या सुनेला पाव्हण्यांसाठी गूळ-पाणी आणायला सांगितलं. ते आम्ही नुकतंच घेतलं होतं. आम्ही परत घेतलं.